हिटर लागेपर्यंत

अक्कलकोट रोडला, सूतगिरणीच्या बंद गेटासमोर
अल्लाबक्ष मिस्त्रीच्या पत्र्याखाली
दोन पिकअप उभ्या होत्या, एकाच कंपनीच्या,
एकाच पांढऱ्या रंगाच्या, म्हणजे आता पिवळट.
फरक काय तो बॉनेटखाली.

"हे डीआय," मिस्त्री म्हणाला, "आणि हे प्यूजो.
दोन्ही डिझेल, दोन्ही म्हातारी.
एकाला खोकला आहे, एकाला थंडी वाजते.
बघ बे, कुणाला घरी नेतोस."

मिस्त्रीला ऐकू कमी येतं.
अठरा वर्षं लूमवर काढली त्याने, माझ्या शेजारच्या शेडमध्ये;
कान तिथंच राहिले.
तो हातभर लांब पेचकस इंजिनवर टेकवतो,
मूठ जबड्याच्या हाडाला लावतो
आणि डोळे मिटतो.
व्हॉल्व्ह, टॅपेट, बेअरिंग, सगळं हाडातून वर येतं.
"कान खोटं बोलतात," म्हणतो, "दाढ बोलत नाही."

आधी डीआय.
किल्ली फिरवली की पेटलं,
ना विचारपूस, ना आढेवेढे.
पत्रा थरथरला, चहावरची साय सरकली,
गिअरचा दांडा नकार देणाऱ्या मानेसारखा हलत राहिला.
सिद्राम ड्रायव्हर ओरडून सांगत होता,
तुळजापूरचा घाट, दीड टन माल,
तिसऱ्यात बे, तिसऱ्यात!
डिझेल कमी पितं, हेड सहसा जात नाही,
पार्ट मोहोळातसुद्धा मिळतो.
वहीत त्याची बाजू भरत गेली.

मग प्यूजो.
किल्ली अर्धी फिरवायची आणि थांबायचं.
डॅशबोर्डवर लाल दिवा.
आत चार हिटर तापतात,
शेकोटीवर धरलेल्या चार बोटांसारखे.
"घाई केलीस तर बॅटरी खाईल.
तापलं तर गॅस्केट.
काट्यावर डोळा ठेव, दूध उतू जाईल म्हणून ठेवतात तसा.
चढाला दुसरा टाक, लाजू नको."
दिवा विझला. पेटलं.
आवाज असा, की शेजारी बसून उधारी मागता यावी.

माझा माल काय, टॉवेलचे गठ्ठे.
वजनाला कमी, फुगायला जास्त.
शेडमधून बाळ्याच्या ट्रान्सपोर्टला आणि परत.
घाट कुठला त्यात? एक उड्डाणपूल.
पण हे मी कुणाला सांगितलं नाही.
मेव्हणा म्हणाला डीआय, दलाल इरण्णा म्हणाला डीआय.
अंबुबाई विड्या वळता वळता, मान वर न करता म्हणाली,
"ज्याचा आवाज कोपऱ्यावरनं येईल ते घ्या,
म्हणजे भात टाकता येईल."

मी प्यूजो घेतलं.
कोपऱ्यावर हॉर्न देतो आता, भातासाठी.

डिसेंबर. पहाटेचे साडेपाच.
विडी घरकुलात पाण्याचा दिवस नसला
तर कुणी उठलेलं नसतं.
किल्ली अर्धी. लाल दिवा.
वीस सेकंद, कधी पंचवीस.
तीस वर्षं मी झोपेतून उठून सरळ खटखटीत शिरलो.
बटण दाबलं की लूम,
लूम थांबला की मुकादम.
कुठल्या मशीनने मला थांब म्हटलं नव्हतं.
या वीस सेकंदांत मी काही करत नाही.
काचेवरचं दव बघतो.
एकदा पावकी आठवली, अख्खी,
शाळेत कधी आली नव्हती ती.

गेल्या आठवड्यात गॅस्केट गेलं.
हैदराबाद रोड, दुपारचे दोन, पाठीमागे नव्वद गठ्ठे.
सिद्राम येऊन हसून गेला.
मिस्त्री सायकलवर आला, हसला नाही.
बॉनेट उघडलं, वाफ जाऊ दिली,
पेचकस टेकवला, मूठ जबड्याला.
"बंद आहे बे," मी म्हणालो,
"काय ऐकतोस?"
त्याने डोळे न उघडता एक बोट वर केलं.
थांब.